फर्मा शिरूरचा, चूक दौंडची

आमच्या उद्योजक गटाची स्मरणिका मला घरपोच आली. तिच्या सातव्या पानावर असे छापले आहे की, आमचे पहिले संयुक्त काम ‘शिरूरच्या सदोष फर्म्यामुळे’ अडचणीत आले. हे वाक्य साफ खोटे आहे. ते माझ्या बाजूचे असले तरी खोटेच आहे, आणि खोट्याशी भांडण्याची माझी सवय या वयात सुटणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या दौंडजवळच्या कुरकुंभच्या कारखान्यांना लागणारे लोखंडी काम पिंपरीहून येत असे. दारात आम्ही वर्कशॉपवाले असूनही ते नुसते पाहत बसलो होतो. अखेर शिरूर आणि दौंडच्या काही जणांनी गट केला आणि पाइपांना आधार देणाऱ्या स्टँडची एक ऑर्डर मिळवली. उभे खांब शिरूरने करायचे, खालच्या प्लेटा मी. काम फसले तर ऑर्डर पुन्हा पिंपरीला जाणार आणि गट पहिल्याच पावलाला मोडणार, हे सर्वांना ठाऊक होते.

शिरूरच्या वर्कशॉपवाल्याने फर्मा पाठवला. फर्मा म्हणजे भोके नेमकी कुठे पाडायची हे दाखवणारी लोखंडी पट्टी. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्याच्या पट्टीवरून मी भोके पाडायची? मी ती कोपऱ्यात टाकली आणि माझ्या पोलादी टेपने मोजून स्वतःचा फर्मा केला. ती टेप माझ्या पहिल्या नोकरीपासूनची. तिच्या टोकाचा, कडेला अडकवायचा आकडा सैल झाला आहे, ही गोष्ट माझ्याखेरीज वर्कशॉपमधल्या सगळ्यांच्या लक्षात आली होती.

कुरकुंभला जोडणीच्या दिवशी एकाही खांबाची भोके प्लेटेशी जुळेनात. शिरूरकर घामाघूम होऊन म्हणाला, “आप्पा, सरळ लावून बघितली, फिरवून बघितली, उलटी बी करून बघितली. आता काय आरती करू का तिची?”

“तुमचे खांब वाकडे असतील,” मी म्हणालो. तेव्हाही माझा आवाज मोठा होता.

त्याने खिशातून तशीच दुसरी, स्वतःजवळची पट्टी काढून माझ्या प्लेटेवर ठेवली; तिची भोके एकीकडे, माझी दुसरीकडे. मग माझ्याकडे पाहिले.

तेवढ्यात कारखान्याचे इंजिनिअर आले. “फर्मा कोणाचा चुकलाय?”

“आमच्या गटाचा, साहेब,” शिरूरकर म्हणाला. “दोन दिवस द्या. न्हाई जमलं तर ऑर्डर काढून घ्या.”

मी तोंड उघडले नाही. आयुष्यात एवढा वेळ गप्प बसण्याचा माझा हा एकमेव विक्रम.

ते दोन दिवस तो माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्याच ड्रिल मशिनवर उभा राहून माझी भोके मोठी करत होता आणि मी प्लेटा उचलून देत होतो. बोल्टांखाली जाड वायसर टाकून स्टँड उभे राहिले. पुढची ऑर्डरही गटालाच मिळाली. अट एवढीच की फर्मा एकच असेल आणि तो शिरूरला राहील. त्यानंतर कित्येक वर्षे मी तो आणायला चौफुल्यावरून एसटीने शिरूरला जात राहिलो. शिरूरकर चहा पाजायचा आणि विचारायचा, “टेप आनली न्हाई ना, आप्पा?”

माझ्या मौनाचा अर्थ दौंडकरांनी सोयीने लावला आणि आज तो छापला गेला. संपादकांना फोन केला तर म्हणाले, “आप्पा, तुमचीच इज्जत राहते की यात! कशाला उकरून काढताय?”

माझी इज्जत मी सांभाळतो. ती इतरांच्या नावावर ठेवलेली मला चालत नाही. सातव्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी: चूक दौंडची, आणि दौंडची म्हणजे माझी. मात्र प्रत्येक प्लेटेवरची माझी चारही भोके अत्यंत गोल होती, हेही त्याच चिठ्ठीवर यावे. हवे असल्यास शिरूरला विचारा.