दादानं जोडलेल्या तारा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि दादाला तर — सांगायला हवं होतं ते त्यालाच, नेमकं त्यालाच नाही.

दादा दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीत बसून छोटी विमानं बनवायचा. रिमोटची नव्हेत. दोन बारीक पोलादी तारांना बांधलेली. तारांची टोकं एका मुठीला. ती मूठ धरून आपण मधोमध उभं राहायचं, आणि विमान आपल्याभोवती गोल फिरतं. ऑफिसात दिवसभर गप्प असणारा हा माणूस, विमान वर गेलं की मोठ्यानं हसायचा. मला ते हसू फार आवडायचं — हे का सांगतेय मी?

नियम कडक होते त्याचे. उडवण्याआधी तारा जोरात ताणून बघायच्या. आणि मुठीचा पट्टा मनगटात अडकवायचा, म्हणजे हात सुटला तरी विमान सुटत नाही.

त्या रविवारी आम्ही फरीदाबादच्या बाहेर एका मैदानात होतो. दादानं तारा ताणून बघितल्या, मूठ माझ्याकडे दिली, आणि विमान धरून तिकडून ओरडला, "पट्टा अडकवलास ना गं?"

"हो, बिल्कुल," मी म्हटलं.

नव्हता अडकवला. नव्या घड्याळावर तो बसत नव्हता, आणि घड्याळ काढायचा कंटाळा आला. इतकंच. याहून मोठं काही कारण असतं तर — पण नव्हतं.

थोड्या फेऱ्यांनंतर मला गरगरलं, घामेजल्या हातातून मूठ निसटली. वहिनी बरीच लांब, झाडाखाली उभी होती. विमान सरळ तिच्या खांद्यावर जाऊन आदळलं.

दादा तिच्याकडे धावला. मी — मी कुठे धावले? मूठ विमानामागे फरफटत जाऊन मध्येच गवतात पडली होती, तारांसकट. दादाची पाठ माझ्याकडे होती. मी त्याच्या हत्यारांच्या पेटीतली पक्कड घेतली, आणि त्यानं मुठीला जिथे तारा जोडल्या होत्या तिथेच त्या पिळून तोडल्या. एक, मग दुसरी. वहिनी कण्हत होती. ते ऐकत ऐकत तोडल्या.

"जोड सुटले, दादा." मी रिकामी मूठ पुढे केली.

त्यानं ती नीट बघितलीसुद्धा नाही. "मी ताणून बघितल्या होत्या ना?" एवढंच म्हणाला. मला नाही, स्वतःलाच.

वहिनीच्या खांद्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तरी उजवा हात पूर्ण वर जात नाही. सकाळी मेट्रो गाठण्याआधी दादा तिची वेणी घालतो. तिनं त्याला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्यानं मात्र सगळी विमानं भंगारवाल्याला देऊन टाकली.

गेल्या महिन्यात सोसायटीतले एक गृहस्थ घरी आले होते. सुट्टीत मुलांना विमानं बनवायला शिकवा, म्हणाले. दादानं मान हलवली.

"नहीं जी, मेरे हाथ का भरोसा नहीं."

मी शेजारीच बसले होते. त्यांनी हसून माझ्याकडे बघितलं, म्हणजे बहिणीनं तरी समजवावं. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.