आहेरातलं चित्र

आम्ही सोलापूरच्या काही चित्रकारांनी मिळून अदलाबदलीचा बाजार भरवला होता. पैसे चालणार नव्हते. जास्तीचं असेल ते द्यायचं, गरजेचं न्यायचं. अडचण एवढीच, की आम्हा सगळ्यांकडे जास्तीची फक्त चित्रंच होती.

अशात वळसंगचे एक काका बोचकं घेऊन आले. आत आहेरात मिळालेले टॉवेल आणि टोप्या, एकाचीही घडी मोडलेली नाही. माझ्या तळ्याच्या चित्राला त्यांनी वीत लावली, मग उचलून वजन पाहिलं. चित्राकडे मात्र पाहिलं नाही.

"फुटत न्हाय न्हवं?"

"नाही."

"नासत न्हाय?"

"नाही हो काका. पण लावणार कुठं?"

"लावतंय कोण? पुतण्याचं लगीन हाय. तुमी आज बाजार मांडलाय, आमची अदलाबदल आज्यापासनं चालू हाय की!"

चार टॉवेल आणि दोन टोप्यांवर सौदा ठरला. मी रागानं चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलं.

गेल्या महिन्यात माझ्या नव्या घराची वास्तुशांत झाली. आहेरातलं एक पुडकं उघडलं, तर रंगीत कागदाखाली रंगीत कागद, त्याखाली आणखी एक, आणि सगळ्यात आत माझं वर्तमानपत्र, माझीच सुतळी, माझीच गाठ.

बायको म्हणाली, "तुमचंच आहे तर लावा की हॉलमध्ये."

मी गाठीला हात घातला आणि थांबलो. पुढच्या आठवड्यात मेहुण्याचं लग्न होतं. आणि काकांना सांगितलं होतं तसं, चित्र अजून नासलं नव्हतं.