गिरज्याचा गिलावा

वांकिडीकडच्या आमच्या गावातला गिरजा माझ्या पणजोबांच्या हातचा. गोऱ्या पाद्र्यानं जमिनीवर काठीनं आराखडा काढला आणि गावच्या गवंड्यांनी तो उभा केला. दोन हात जाड दगडी भिंती, वर सागाचे वासे नि कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर, दाराला उंच कमान. चुना बैल जुंपलेल्या घाण्यात मळलेला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर. जाताना पाद्री एकच सांगून गेला: दर उन्हाळ्यात भिंतींना चुना द्या. तेव्हापासून ईस्टर झाला की गावातली आमची सात ख्रिस्ती घरं चुना भिजवायची. माझ्या लहानपणी पुढं असायचे माझे वडील, तेही गवंडीच.

ऐंशीच्या दशकात मी शाळेत मास्तरीण झाले आणि अंगात शहाणपण मावेना.

"बाबा, दरसाली काऊन चुना फासता? सिमेंट मारा, जन्माची कटकट जाईल."

"मंग भिंतीतली ओल कोठून निघन, माय?"

मी हसले. शिकलेल्या लेकीचं मन कसं मोडायचं, म्हणून त्यांनी सिमेंटचा गिलावा केला. मी तो गावभर मिरवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्यासाठीच असावी.

तीन पावसाळ्यांत ओल आत कोंडली, आतला चुना पिठासारखा झाला आणि कमानीला तडा गेला. मोठ्या पाद्र्यांचा निरोप आला: भिंती धड होत नसतील तर पावसाआधी गिरजा पाडा.

वडील छिन्नी-हातोडा घेऊन एकटेच सिमेंट काढू लागले. मे महिना, पाठ भाजणारं ऊन. सिमेंट निघताना दगड घेऊनच निघायचं. मी टोपल्यानं ढिगारा उचलायचे आणि मनात देवापुढं गयावया करायचे. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

एका दुपारी कमानीचा मधला दगड हलला. बांबूच्या परांचीवर उभ्या वडिलांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला. त्यांनी खाली माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, खरंच विचारावं तसं.

"माय, तू शिकली ना? सांग, आता काय करू?"

"बाजूला सरका, बाबा. सोडा."

याही वेळी त्यांनी माझं ऐकलं. कमान खाली आली. वडील वाचले, पण त्यानंतर त्यांनी थापी हातात धरली नाही.