नागपूरचा तीन मिनिटांचा कॉल

"थ्री मिनिट्स ओव्हर," मी म्हणाले आणि प्लग ओढला. पलीकडे नागपूरचे एक म्हातारे गृहस्थ "तुझ्या आईचं असं आहे की" इथवर आले होते.

पन्नासच्या दशकात मी कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. वय बावीस, कानाला हेडफोन आणि तोरा असा, की हिंदुस्थानातल्या सगळ्या तारा माझ्याच वेणीला बांधल्यात.

ट्रंक कॉल म्हणजे परगावचा फोन. नंबर बुक करून तासन्‌तास वाट बघायची. बोलायला तीन मिनिटं. रांग लहान असली तर गिऱ्हाइकाला विचारून आणखी तीन द्यायची मुभा होती. चोरून ऐकायचं नाही, हाही नियम. पण लाइन नीट लागली का, हे बघायला कान लावावाच लागे. आणि लावलेला कान काढतंय कोण?

त्या दिवशी रांगेत दोनच स्लिपा होत्या. फोन भवानीपूरच्या एका मराठी बाईंचा. आई आजारी, आजच्या मेलगाडीने निघू की नको, एवढंच विचारायचं होतं. वडिलांना डॉक्टरांच्या घरी फोनवर बोलावलेलं.

"जावई बरे आहेत ना? बाळाला दात आले का?"

"बाबा, आईचं सांगा ना."

"सांगतो, सांगतो. तू जेवलीस का आधी?"

आपली माणसं वाईट बातमी अशीच आणतात, अंगणातून ओसरीवर, मग घरात. त्या हॉलमध्ये हे फक्त मला कळत होतं. पण शेजारच्या बोर्डावरची माया त्याच आठवड्यात म्हणाली होती, "तुमच्या मराठी लोकांसाठी घड्याळ हळू चालतं वाटतं?" तेव्हापासून मी ठरवलेलं, आपल्या माणसाला एक सेकंद जास्त द्यायचा नाही.

मी प्लग ओढला तेव्हा सुपरवायझर मिसेस परेरा मागेच उभ्या होत्या. "लाइन फ्री होती. एक्स्टेन्शन हवं का, विचारलंस?"

"रूल इज रूल, मॅडम."

"विचारायचं, हाही रूलच आहे, माय गर्ल."

बाईंनी लगेच पुन्हा बुकिंग केलं. तोवर वडील घरी परतले होते, आणि संध्याकाळी नागपूरची लाइनच बिघडली.

पुढचं मला चैत्रातल्या हळदीकुंकवाला कळलं. कलकत्त्यात मराठी घरं अशी किती. यजमानीण कमलताई सांगत होत्या, "फोनची वाट बघत बसले. तिसऱ्या दिवशी तार आली, आई गेल्याची. कोण मेली ऑपरेटर होती कोण जाणे. एक मिनिट दिलं असतं, तर मी गाडीत बसले असते."

मी मान हलवली. वर म्हणाले, "हल्लीच्या मुली फार शिष्ट झाल्यात हो."

त्यांनी भिजवलेल्या हरभऱ्यांनी माझी ओटी भरली. त्या असेपर्यंत सांगायला तीस वर्षं मिळाली मला. तीन मिनिटंही लागली नसती.

आता नात मोबाइलवर तासभर बोलते. घरचे तिला बोल लावतात, मी नाही. ती "ठेवते, आजी" म्हणाली की मी इतकंच विचारते, "मुद्द्याचं काही राहिलं नाही ना?"