पाचनंतरचं पाणी

विजयमाला कोरेगावची, फौजी सुभेदाराची लेक. १९७४ साली सांगलीच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला आली. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. तिथं बायकांच्या वॉर्डात एक रीत होती. कुणी लिहून ठेवली नव्हती, पण पाळायचे सगळे. संध्याकाळचे पाच वाजले की म्हाताऱ्यांच्या उशाचे तांबे उचलायचे. का? तर रात्री गादी ओली व्हायला नको! माणूस सुकला तरी चालेल, गादी सुकी पाहिजे. असला न्याय.

अकरा नंबरच्या खाटेवर शिराळ्याची साळूबाई होती, खुबा मोडलेली.

"आवं बाई, घोटभर तरी द्या की."

"आजे, गादी तू धुणार हायस व्हय?" विजयमाला म्हणायची आणि बरोबरच्या शिकाऊ पोरी खिदळायच्या.

शिकवणाऱ्या दिलशादबाईंच्या कानावर हे गेलं. त्या ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला वर्गातच त्यांनी विजयमालाच्या गुडघ्यांना फळ्या बांधल्या, कानांत कापूस कोंबला, व्हॅसलीन फासलेला चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला, कोरडी बिस्किटं खायला लावली आणि तिला खाटेवर निजवलं.

"आता तू म्हातारी. आणि पोरींनो, वॉर्डात वागता तश्शाच वागा."

पोरी काय, टपलेल्याच. तासाभरात हिची जीभ टाळूला चिकटली.

"अकिला, पाणी दे गं."

जिवाची मैत्रीण अकिला तिच्याच ठसक्यात म्हणाली, "आजे, गादी तू धुणार हायस व्हय?"

कापसातून शब्द धड कळले नाहीत. हसणं तेवढं कळलं.

फळ्या सोडून ती तडक वॉर्डात गेली. साडेपाच झाले होते. तांबे उचलून झाले होते. तिनं एक भरून आणला.

"आजी, पाणी घ्या."

साळूबाईनं आधी तांब्याकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं.

"आज कुणी सायेब येणार हाय व्हय?"

"न्हाई वं, आजी."

"मग नगं. गादी वली हुईल, तुमी वरडशिला."

"न्हाई वरडत. तुमची शपथ."

पोरीचे डोळे भरलेले बघून म्हातारीला तिचीच कीव आली असावी. तिनं एकच घोट घेतला, पदरानं ओठ पुसले, आणि हात अंगाखाली सारून गादी चाचपून बघितली.

पुढं विजयमाला जिथं जिथं नोकरीला गेली, तिथं पाचला तांबे भरून ठेवत राहिली. पण त्या घोटानंतर साळूबाईनं काही पुन्हा पाणी मागितलं नाही. चौथ्या दिवशी म्हातारी वारली. खाट आवरायला विजयमालाच होती.

गादी कोरडी ठणठणीत होती.