पुन्हा तपासायला आणा

किस्से गोळा करायला लोक गावोगाव फिरतात म्हणे. मला फक्त फोन लावावा लागतो. जळगाव-धुळ्याकडच्या ज्या बाळांच्या कानाच्या पहिल्या तपासणीचा निकाल नीट आला नाही, त्यांना दुसरीसाठी परत आणायचं, हे माझं काम. मी कमी बोलते, म्हणून सगळे माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. मग डबा खाताना मी त्यांचेच किस्से त्यांना ऐकवते. सगळे हसतात. मीही हसते. घरी जाताना बसमध्ये मात्र माझे दात आवळलेले असतात.

आधी एवढं सांगते. बाळ झोपलेलं असताना त्याच्या कानात एक मऊ बोंडी बसवतात. मशीन 'पास' किंवा 'रेफर' म्हणतं. रेफर म्हणजे बहिरं नव्हे, पुन्हा तपासा एवढंच. पण खरोखर ऐकू येत नसेल, तर ते पहिल्या काही महिन्यांतच कळायला हवं. तेव्हाच ऐकण्याचं मशीन लागलं, शिकवणं सुरू झालं, तर मूल बोलू शकतं. उशीर आपण करतो, भोगायचा त्या बाळाने!

सध्या माझ्या डोक्यात एकच बाळ आहे. मुलगी. घर रावेरकडचं. दोन्ही कान रेफर.

*

पहिला फोन तिच्या आजोबांना लागला, कारण घरच्यांनी त्यांचाच नंबर दिला होता. घरात त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हटलं. ते केळीची गाडी भरत होते.

"आबा, नातीला पुन्हा तपासायला आणायचंय."

"काहून? आमच्या घरात कोन्ही बहिरं नाही!"

"ती बहिरी आहे असं मी म्हणतच नाही..."

"मंग तुमची मशीन बिघडेल असीन. तिले तपासा!"

मग आवाज एकदम खाली आला. "आन् हे पाहा बाई, पोरीचं नाव असं कुठी लिवू नका. पुढी लगीन करा लागते तिचं."

मुलीचं अजून बारसं झालं नव्हतं!

"लिहायला नाव तरी ठेवलंय का, आबा?" मी विचारलं.

पलीकडून "घड नीट ठिव रे!" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद.

*

बाळंतीण माहेरी गेलीय, सोनगीरला, असं तिच्या नवऱ्याकडून कळलं. तिथल्या आशाताईंना मी सांगितलं, "पल्लवी नावाची बाळंतीण आहे, रावेरकडे दिलेली. शोधा."

आशाताईंनी किल्ल्याच्या पायथ्यापासून हायवेपर्यंत गाव पालथं घातलं. पल्लवी नाही! एका ओट्यावर एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिलाही विचारलं.

"पल्लवी? अशी कोनी नई आठे," ती म्हणाली.

ती तीच होती! माहेरी ती मंगल. पल्लवी हे नाव नवऱ्याने लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. शेवटी आशाताईंनी सासरच्या गावाचं नाव घेऊन चौकशी केली, तेव्हा ती सापडली.

"अवं, सोतानं नाव भूलनी का तू?" आशाताई तिच्यावर ओरडल्या.

"ताई, त्या नावानी माले तठे बी कोनी हाक मारत नई. 'ए' म्हनतस."

माझंही नाव नुकतंच तांदळात बदललंय. ताट उचलल्यावर त्या तांदळाचं काय केलं, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

*

मंगलला तारीख दिली. ती बाळाला घेऊन येणार होती, एकटी, एसटीने. दवाखान्याचं नाव सांगत नाही. तिथे कानाच्या तपासणीसाठी एक खास खोली आहे. भिंतींना गादीसारखं अस्तर, बाहेरचा आवाज आत येत नाही. शिवाय एसी. गोम तिथेच! अख्ख्या मजल्यावर चालू एसी तेवढाच, म्हणून मीटिंगा तिथेच होतात.

त्या दिवशी मीटिंगचा विषय होता, "पालक दुसऱ्या तपासणीला का येत नाहीत?" साहेब माझ्याकडे बघून टेबल ठोकत होते. "तुमचा पाठपुरावा कमी पडतो, मॅडम! लोक येतच नाहीत!"

खोली फार चांगली बनवलीय. बाहेरचं खरंच काही ऐकू आलं नाही.

मीटिंग संपल्यावर दारात शिपाई भेटला. "मॅडम, सोनगीरची एक बाई येऊन गेली. बाळ मस्त झोपलं होतं. 'ती झोपेल शे तवर घ्या' म्हणत होती बिचारी. पण आत तर तुम्ही सगळे! पुढच्या आठवड्यात ये म्हटलं."

मी तशीच मागे फिरून साहेबांना सांगितलं. ते चहा पीत होते.

"बघा!" ते म्हणाले. "थांबायची तयारीच नसते लोकांची!"

*

मधेच एक घरचा किस्सा. सासूबाईंनी हळदीकुंकवाला माझी ओळख करून दिली, "आमची सून. बाळांचे कान बघते."

शेजारच्या काकूंनी माझ्या पोटाकडे बघितलं. "दिवस राहिले की सोड हो ती नोकरी. अशी पोरं बघू नयेत. सावली पडते."

"ऐकू न येणं कोणाच्या सावलीने होत नाही, काकू," मी म्हणाले. लग्न झाल्यापासूनचं या घरातलं माझं बहुधा सर्वांत लांब वाक्य!

"काय?" काकूंनी डावा कान पुढे केला.

मी पुन्हा म्हणाले.

"काय गं?"

सासूबाईंनी मला चिमटा काढला. "वयाने आहे ते त्यांचं!"

*

परत पाठवल्यावर मंगल जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेली. पुन्हा एवढ्या लांब जावं का, म्हणून विचारायला. ते म्हणाले, "कशाला? माझा पुतण्या शाळेत जाईपर्यंत बोलत नव्हता. आता निवडणुकीला उभा राहतोय!"

ते ऐकून ती घरी बसली. आणखी काही आठवडे वाया गेले. आशाताईंकडून हे कळल्यावर मी डॉक्टरांना फोन केला.

"सर, पुतण्याचे कान तपासले होते का?"

"अहो, गरजच काय? तो आमचं कधी ऐकतच नाही!"

ते खूप वेळ हसले. मग त्यांनीच विचारलं, "हॅलो? आहात का?"

"आहे," मी म्हणाले. "ती मुलगी अजून घरीच आहे."

*

अखेर मंगल आली. आबाही आले, थेट रावेरहून, हातात पिशवी. आमच्या ऑडिओलॉजिस्ट नेहा मॅडम आत मशीन लावत होत्या. बाहेर लसीकरणाची रांग, दोन्ही बाकांवर आया आणि पेंगुळलेली बाळं. मंगल पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. सासऱ्यांसमोर ती बोलत नाही. मुलगी मांडीवर गाढ झोपलेली.

"तुमच्या मशीनच्या आदी माही तपासणी!" म्हणत आबांनी पिशवीतून काशाची थाळी आणि लाटणं काढलं. मी उठेपर्यंत त्यांनी मुलीच्या डोक्याशी वाजवलीसुद्धा!

सिस्टरच्या हातातला ट्रे पडला. शिपाई जिन्यावरून धावत आला. रांगेतलं एकूण एक बाळ किंचाळून उठलं.

मांडीवरच्या मुलीचे ओठ झोपेत दूध ओढल्यासारखे हलले. तेवढंच.

आबा लाटणं वर धरून उभे होते. "झोप... झोप भारी आहे तिची," ते म्हणाले. "रातच्याले झोपली नसीन."

मंगलने पदर मागे सारला आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"आबा," ती म्हणाली, "एक डाव आखो वाजाडा."