मामाच्या गाडीचा पंखा

"पोरी, तुझा मामा न्हाय राहिला गं," मामी थळहून फोनवर म्हणाली. त्याला आता काही आठवडे झाले. रडू नंतर आलं. त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की इतक्या वर्षांत मामा माझ्या घरी कधी पाटावर बसून जेवला नाही… आता जेवणारही नाही.

माझ्या लग्नात भाचीला मांडवात न्यायचं ते आपल्याच गाडीतून, हा त्याचा हट्ट. गाडीचं इंजिन थंड ठेवणारा पंखा बंद पडला होता. हळदीच्या दिवशी मामाने अंगणातच दुसरा पंखा बसवला, अंदाजाने तारा जोडल्या आणि मला हळदीच्या अंगाने ओढत नेऊन गाडीच्या तोंडासमोर उभं केलं. "बघ, कसा गार वारा मारतंय!" उकाड्याने जीव नकोसा झाला होता, मी तिथून हलेनाच. पंख्याने वारा जाळीतून आत ओढायचा असतो, आपल्या तोंडावर फेकायचा नसतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तारा उलट्या लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कार्लेखिंडीच्या चढावर इंजिन उकळलं. बॉनेटमधून वाफा, मी शालू सावरत रस्त्याच्या कडेला, आणि मामा गाडीला वारा घालतोय, तोही माझ्या लग्नपत्रिकेने! शेवटी बर्फाचा टेम्पो थांबवून मी पेणला मांडवात पोचले. मुहूर्त टळला होता. "भाचीला वेळेवर आणणं जमेना, हा कसला मामा?" सासरचं कुणीतरी मोठ्याने बोललं. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझ्या पाठीशी शेजारचे काका राहिले. ग्रीस लागलेल्या सदऱ्यात मामा मांडवाच्या बाहेरच थांबला.

त्यानंतर तो सणावाराला यायचा, पण अंगणापर्यंतच. परत निघताना इंजिन चालू ठेवून गाडी तापू द्यायचा आणि पंखा सुरू झाला की तीच पत्रिका जाळीसमोर धरायचा. ती जाळीला चिकटली की वारा आत जातोय, पंखा बरोबर. सासूबाई खिडकीतून बघायच्या, दीर हसायचे आणि मी लाजेने अर्धी व्हायचे. "मामा, पुरे ना आता, आत ये," मी दबक्या आवाजात म्हणायचे, दुसऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने. "एवढं बघतंय न् निघतंय," तो म्हणायचा. मामीच्या डब्यातला मांदेळीचा रस्सा पायरीवर ठेवायचा आणि जायचा. तो रस्सा सगळ्यात आधी कोण संपवायचं, तर दीर.

परवा थळला गेले. मामी म्हणाली, "गाडी चालू तरी करून बघ, नुसती उभी हाय." चावी फिरवली. कप्प्यात पत्रिका होती, कोपरे काळे झालेले, मुहूर्ताची ओळ त्याच्या अंगठ्याने पुसून गेलेली. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा सावकाश वर चढू दिला. मग गाडीसमोर जाऊन पत्रिका जाळीवर धरली, पंखा घरघरला. हात सोडला, तशी पत्रिका जाळीला घट्ट चिकटली.

शेजारची माणसं कुंपणाशी येऊन बघत होती. बघू देत. मी मोठ्याने म्हटलं, "मामा, बरोबर आहे रे सगळं… आता तरी आत ये."